फडणीस, नाना
(१२ फेब्रुवारी १७४२–१३ मार्च १८००). पेशवाईतील मुत्सद्दी. मूळ नाव बाळाजी जनार्दन भानू. घराणे श्रीवर्धनचे, आजोबा बाळाजी महादेव हे पेशवे बाळाजी विश्वनाथांबरोबर कोकणातून घाटावर आले आणि घरात फडणिशी चालत आली. तीर्थयात्रेच्या ओढीने नाना आई व पत्नीसह पानिपतच्या मोहिमेबरोबर गेले. स्वतः जिवानिशी सुटले, पत्नीही सुखरूप परतली. आई मात्र दुरावली. हे सारे त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. 

पेशवा नारायणरावाच्या खुनानंतर बारभाई या कारभारी मंडळाच्या कारभाराची सूत्रे त्यांच्या हाती आली; सालबाईचा तह (१७८२) आणि खर्ड्याची लढाई (१७९५) त्यांच्याच अमदानीतली. मेणवली गाव त्यांना इनाम होते. तिथे त्यांनी कृष्णाकाठी वाडा व घाट बांधला. पुण्यात बुधवार पेठेत बेलबाग हे लक्ष्मी-विष्णूचे मंदिर उभारले. शनिवारवाड्याजवळच्या नानावाड्यात सुरूच्या आकाराचे कोरीव लाकडी खांब आहेत.

नानांची नऊ लग्ने झाली, तरी वंश चालला नाही. मृत्यूसमयी धाकटी पत्नी जिऊबाई अजून लहान होती. पेशवा दुसऱ्या बाजीरावाच्या जाचातून सुटून ती लोहगडावर गेली. पुढे इंग्रजांनी तिला सालीना बारा हजार रुपयांचे पेन्शन दिले.