घोडबंदरचा घोडा आणि अंगणातली कोंबडी

आम्ही घोडबंदर रोडच्या कडेला राहणाऱ्या बाया. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला येऊरचं जंगल, मधून रात्रंदिवस ट्रक. पूर्वी इथल्या बंदरात घोड्यांचा व्यापार चाले, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. मागच्या बैठकीत एकीने विचारलं, "जनावरं आपल्यासारखी बोलतात का गं?" तेव्हा घोड्यापासूनच सुरुवात करू.

प्रश्न जुनाच आहे. ज्ञानेश्वरांनी पैठणला रेड्याच्या तोंडून वेद वदवले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. जुन्नर तालुक्यात आळ्याला त्या रेड्याची समाधीही आहे. ती श्रद्धेची गोष्ट, तिची परीक्षा घ्यायची नसते. जर्मनीत मात्र एका घोड्याची खरोखर परीक्षा झाली.

बर्लिनमध्ये फॉन ओस्टेन नावाचे निवृत्त मास्तर होते. त्यांनी हान्स या आपल्या घोड्याला हिशेब शिकवले. दोन आणि तीन किती, असं विचारलं की हान्स पाच वेळा खूर आपटायचा. १९०४ साली जाणकारांची समिती बसली, तिला काही लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट यांनी प्रश्न विचारायला असा माणूस उभा केला, ज्याला स्वतःलाच उत्तर ठाऊक नव्हतं. घोडा चुकला. विचारणारा दिसेनासा केला, तरी चुकला. बरोबर आकडा आला की माणसाचं डोकं नकळत जरासं हलायचं, ते बघून हान्स थांबायचा. १९०७ साली हे सगळं छापून आलं. मास्तर फार नाराज झाले म्हणतात. आम्हाला मात्र यात घोड्याची हार दिसत नाही. दारात वाजलेल्या पावलांवरून घरधन्याचा राग ओळखणाऱ्या बाईला विचारा, ही केवढी विद्या आहे ते.

पुढे अमेरिकेत चिंपांझींना हातवाऱ्यांची भाषा शिकवून पाहिली. निम नावाचा चिंपांझी खुणा पुष्कळ शिकला, पण १९७९ साली त्याच्याच शिक्षकांनी लिहिलं की तो बहुतेक वेळा समोरच्याच्याच खुणा परत करतो, आणि त्याला वाक्य जुळवता येत नाही.

आता आपल्या अंगणात या. घार आली की कोंबडा एक आवाज काढतो, मुंगूस किंवा मांजर आलं की दुसरा. संशोधकांनी हे आवाज टेप करून कोंबड्यांना ऐकवले, तेव्हा जवळ ना घार होती ना मांजर. घारीचा आवाज ऐकून कोंबड्या आडोशाला पळाल्या, दुसरा ऐकून ताठ मान करून इकडेतिकडे बघू लागल्या. म्हणजे तो नुसता घाबरून केलेला कलकलाट नव्हे, त्यात खबर आहे. शेळीचंही तसंच. करडू तोडून वर्ष उलटलं तरी आईला त्याची हाक आठवते, हे लंडनच्या संशोधकांनी २०१२ साली दाखवलं. आमच्या सासवांनी ते न मोजताच सांगितलं असतं!

इथे ही खबर जिवाची आहे. येऊरच्या जंगलात बिबटे आहेत, आणि २००४ सालचे हल्ले पाड्यांवरच्या बाया विसरलेल्या नाहीत. बिबट्या दिसला की झाडावरचं वानर खाकरतं, चितळ तीक्ष्ण हाक देतं. सरपणाला गेलेली बाई ते ऐकते आणि मोळी अर्धी टाकून मागे फिरते. पण वानर सांगतं ते आत्ताचंच. परवा ओढ्याजवळून बिबट्याने शेळी नेली, उद्या त्या वाटेने जाऊ नकोस, हे वानराला सांगता येत नाही. ते आपण सांगतो, पाणी भरताना, आणि आता या रेडिओवर.

रस्त्याच्या आणि मेट्रोच्या कामाच्या आवाजात हल्ली जंगलाचं फारसं ऐकू येत नाही. परवा संध्याकाळी जरा शांत होतं आणि वानर खाकरलं. पाड्यावरच्या एकीने चटकन पोराला आत घेतलं. तिच्या शेजारी उभी होती ती समोरच्या नव्या इमारतीत राहायला आलेली बाई. ती म्हणाली, "कोण खोकलं गं एवढं?"