मगलाही लागतो स्वेटर! क्रोशाची मग कोझी कशी विणायची आणि एका कोझीला खरंच किती वेळ जातो?

नाताळ आला की इन्स्टाग्रामवर लाल-पांढऱ्या लोकरीची रीळं सुरू होतात. चहाच्या मगला घातलेलं छोटंसं विणलेलं जाकीट, त्यावर एक बटण, बाजूला दालचिनीची काडी. याला म्हणतात मग कोझी. व्हिडिओ तीस सेकंदांचा असतो, त्यामुळे काम दहा मिनिटांचं वाटतं.

पनवेलमध्ये ही रीळ बघणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो हवामानाचा. इथे डिसेंबरातही दुपारी अंगावर स्वेटर टिकत नाही, मग मगला कशाला? आणि दुसरा प्रश्न त्याहून कामाचा. 25 डिसेंबरनंतर बरोबर 20 दिवसांनी, 14 जानेवारीच्या सुमारास संक्रांत येते. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं चालतात आणि प्रत्येक घरात एकच चर्चा असते : यंदा वाण काय लुटायचं? प्लॅस्टिकचे डबे झाले, कापडी पिशव्या झाल्या. हातानं विणलेली मग कोझी वाण म्हणून चालेल का? चालेल, पण आधी थोडा हिशेब करावा लागेल.

ही वस्तू आली कुठून?

मग कोझी ही टिकोझीची धाकटी बहीण. किटली गरम राहावी म्हणून तिच्यावर घालायची कापडी किंवा विणलेली टोपी म्हणजे टिकोझी. ब्रिटनमध्ये ती 19व्या शतकात रुळली आणि साहेबाच्या चहाबरोबर भारतातही आली. आपल्याकडे किटलीतून चहा ओतायची पद्धत मोजक्याच घरांत राहिली, त्यामुळे टिकोझी जुन्या ट्रंकांत गेली. मग मात्र प्रत्येक घरात आहेत. ऑफिसने दिलेले, वाढदिवसाला आलेले, फोटो छापलेले.

क्रोशा मराठी घरांना नवा नाही. रुखवतात मांडलेले क्रोशाचे रुमाल, दारावरचं तोरण, टीव्हीवर आणि फ्रिजवर पसरलेली जाळी, बाळंतविड्यातलं टोपडं आणि पायमोजे हे सगळं याच एका आकड्याच्या सुईतून निघालेलं. फरक इतकाच, की तेव्हा त्याला कोणी ‘हँडमेड’ म्हणत नव्हतं.

गरम ठेवते म्हणजे नक्की काय करते?

विणलेल्या टाक्यांच्या मध्ये हवा अडकते. अडकलेल्या हवेतून उष्णता सावकाश जाते, म्हणून मगच्या बाजूंनी होणारी गळती कमी होते. पण उघड्या मगमधला कडक चहा सर्वात जास्त गार होतो तो वरून, वाफेवाटे. कोझी वरचं तोंड झाकत नाही. त्यामुळे तासभर चहा गरम राहील असं सांगणाऱ्या रीळवर विश्वास ठेवू नका. वर एखादी बशी ठेवली तर फरक जास्त जाणवतो.

मग कोझीचा खरा उपयोग काय? हात भाजत नाहीत. स्टीलच्या पेल्यात उकळता चहा घेणाऱ्यांना, पदराने किंवा रुमालाने पेला धरणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. आणि उन्हाळ्यात हीच कोझी गार ताकाच्या किंवा कोकम सरबताच्या ग्लासला घातली, की बाहेर सुटणारं पाणी ती शोषून घेते आणि टेबलावर ओला गोल उमटत नाही. पनवेलच्या दमट हवेत हा उपयोग जास्त महिने होतो.

धागा कोणता? इथेच बहुतेकांची चूक होते

रीळमध्ये दिसते ती बहुतेक वेळा ॲक्रिलिक लोकर असते. ती स्वस्त, रंग भरपूर, हाताला मऊ. पण ॲक्रिलिक म्हणजे प्लॅस्टिकच. गॅसच्या शेगडीजवळ ते वितळतं, ओलावा शोषत नाही, आणि घामट हातात चिकट वाटतं.

मगसाठी सुती धागा घ्या. दुकानात ‘8 प्लाय कॉटन’ म्हणून मागितलात तर साधारण योग्य जाडीचा मिळतो. एका कोझीला 15 ते 20 ग्रॅम पुरतो, म्हणजे 50 ग्रॅमच्या गुंडीत दोन आरामात होतात. सोबत 4 मिलिमीटरची सुई. रुमाल विणायची आजीची बारीक स्टीलची सुई इथे चालणार नाही. ती पातळ दोऱ्यासाठी असते, जाड धागा तिच्या आकड्यात बसतच नाही.

बटण विकत घेण्याआधी घरातला बटणांचा डबा बघा. जुन्या शर्टाचं, कुर्त्याचं चालतं. लाकडी किंवा करवंटीचं मिळालं तर छानच, मॅचिंग सेंटरमध्ये विचारा.

लाल, काळा असे गडद रंग पांढऱ्याशेजारी वापरणार असाल तर विणण्याआधी धाग्याचा हातभर तुकडा ओल्या पांढऱ्या कापडात दाबून बघा. रंग सुटला तर तो धागा एकरंगी कोझीसाठी ठेवा. विणून झाल्यावर पांढरी किनार गुलाबी होणं फार जिव्हारी लागतं.

टाके दोनच, पण नावांचा घोळ

साखळी आणि मुका खांब, एवढं आलं की कोझी होते.

सुईवरच्या फासातून धागा ओढून नवा फास काढला की एक साखळी. मुका खांब घालताना सुई खालच्या टाक्यात घालायची, धागा ओढून बाहेर काढायचा, सुईवर दोन फास होतात. पुन्हा धागा घेऊन तो दोन्ही फासांतून एकदम बाहेर काढायचा. टाका घालण्याआधी सुईला धाग्याचा एक वेढा दिला आणि दोन टप्प्यांत सोडवला की तो उंच होतो, त्याला नुसता ‘खांब’ म्हणतात.

आता घोळ. इंग्रजी व्हिडिओत अमेरिकन आणि ब्रिटिश अशा दोन पद्धतींची नावं असतात. अमेरिकन ‘सिंगल क्रोशे’ म्हणजे आपला मुका खांब. त्यालाच ब्रिटिश ‘डबल क्रोशे’ म्हणतात. आणि अमेरिकन ‘डबल’ म्हणजे आपला खांब. एकाच शब्दाचे दोन अर्थ! त्यामुळे व्हिडिओतली कोझी सात सेंटीमीटरची आणि तुमची चौदाची झाली, तर दोष तुमचा नसतो. मराठी नावं या बाबतीत जास्त शहाणी आहेत, टाका दिसतो तसं नाव.

मग मोजा, मगच विणा

पट्टी विणून मगभोवती गुंडाळायची आणि कपाच्या कानातून फास घेऊन बटण लावायचं, ही सर्वात सोपी पद्धत. नेहमीच्या कॉफी मगचा घेर 25-26 सेंटीमीटर असतो. पण ‘नेहमीचा’ मग कोणाकडेच नसतो, म्हणून टेपने मोजाच. टेप नसेल तर दोरी गुंडाळून पट्टीवर मोजा.

सुरुवातीला 13 साखळ्या घाला. सुईपासून दुसऱ्या साखळीत पहिला मुका खांब, आणि मग प्रत्येक साखळीत एक. एकूण 12 टाके होतील. ही झाली पट्टीची रुंदी, म्हणजेच कोझीची उंची, साधारण सात सेंटीमीटर. पुढच्या प्रत्येक ओळीला काम उलटवा, एक साखळी घाला आणि पुन्हा 12 मुके खांब.

इथे एक युक्ती आहे. टाक्याच्या डोक्यावर दोन धागे दिसतात. दोन्हींत सुई न घालता फक्त मागच्या धाग्यात घाला. पट्टीवर उभ्या-आडव्या घड्या पडल्यासारखं दिसतं आणि ती स्वेटरच्या मनगटासारखी ताणली जाते. मग थोडा मोठा निघाला तरी कोझी बसते.

ओळी मोजत बसू नका. पट्टी मगला गुंडाळून बघत जा. कपाच्या कानाच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा सेंटीमीटर मोकळा राहिला की थांबा. प्रत्येकाचा हात वेगळा, कोणाच्या 40 ओळी होतात तर कोणाच्या 48. टाके मात्र प्रत्येक ओळीत मोजा. नवशिक्यांची पट्टी हळूहळू त्रिकोणी होत जाते, कारण ओळीचा शेवटचा टाका नजरेतून सुटतो. तसं झालं तर चुकलेल्या ओळीपर्यंत उसवा. क्रोशात सुईवर एकच फास जिवंत असतो, त्यामुळे उसवणं सोपं असतं. दोन सुयांच्या विणकामातल्यासारखे वीस टाके सुटून जाण्याची भीती नाही.

शेवटच्या ओळीत तिसऱ्या आणि दहाव्या टाक्यापाशी साधारण 12-12 साखळ्यांचे दोन फास करा. ते कानाच्या पोकळीतून पलीकडे जातील. समोरच्या कडेला त्याच उंचीवर दोन बटणं शिवा. बटण आधी, फासाची लांबी नंतर ठरवलीत तर जास्त बरं.

कान नसलेल्या पेल्यासाठी ही पट्टी कामाची नाही. पेला वर रुंद आणि खाली निमुळता असतो, त्यामुळे कोझी सटकून पायथ्याशी येते. त्यासाठी तळ असलेली कोझी विणावी लागते : मध्यापासून 6 मुके खांब, मग 12, 18, 24, 30 असे प्रत्येक फेरीला सहा वाढवत गोल करायचा, तो पेल्याच्या बुडाएवढा झाला की वाढवणं थांबवून सरळ वर विणत जायचं. पेला रुंदावत जातो तसे मधल्या फेऱ्यांत दोन-तीन टाके वाढवायचे.

नाताळची लाल, संक्रांतीची काळी

पट्टी तीच, रंग बदलला की सण बदलतो. लाल पट्टीला पांढऱ्या मुक्या खांबांची किनार दिली की नाताळ. केसाळ पांढरी लोकर टाळा, तिचे तंतू चहात पडतात.

संक्रांतीसाठी काळी कोझी विणा आणि त्यावर पांढऱ्या धाग्याने हलवा. जाड सुईत धागा ओवून, सुईवर दोनदा गुंडाळून बारीक गाठी घालायच्या. मोजून घालू नका, हलवा उधळल्यासारख्या विखुरलेल्या जास्त शोभतात. खरा हलवा चिकटवायचा मोह टाळा, पहिल्या वाफेत तो विरघळेल आणि नंतर मुंग्या येतील.

आता तो हिशेब

सराव असलेल्या हाताला एक कोझी दीड तास घेते, नवशिक्या हाताला तीन. बटणं, किनार, धाग्याची टोकं आत ओवणं धरून सरासरी दोन तास धरू. 21 सवाष्णींना वाण द्यायचं तर 42 तास. नाताळला सुरुवात केली तर संक्रांतीपर्यंत रोज दोन तासांहून जास्त. पनवेलहून सीएसएमटीची लोकल साधारण सव्वा तास घेते, बसायला जागा मिळाली तर जाता-येता एक कोझी होऊ शकते. ‘बसायला जागा मिळाली तर’ हे शब्द हार्बरच्या प्रवाशांनी जपून वाचावेत.

धागा आणि बटणं मिळून 40 रुपये धरा. तासाला फक्त 60 रुपये मजुरी लावली तरी कोझीची किंमत 160 होते. म्हणून कोणी ‘अगं, तुला येतंच ना, मला दहा करून दे, दोऱ्याचे पैसे देते’ म्हणालं, तर त्या दोऱ्याच्या पैशात वीस तास फुकट मागितलेले असतात.

हे फक्त घरापुरतं नाही. स्वेटर विणणारी यंत्रं आहेत, पण खरा क्रोशा विणणारं यंत्र बाजारात नाही. ज्याला ‘क्रोशा मशीन’ म्हणतात ते प्रत्यक्षात वेगळ्याच विणीची लेस काढतं. म्हणजे ऑनलाइन 99 रुपयांना दिसणारी कोझी खऱ्या क्रोशाची असेल, तर ती कोणाच्या तरी हातांनीच विणलेली आहे. त्या हातांना किती मिळालं असेल, हे 99 मधून धागा, वाहतूक आणि विक्रेत्याचा वाटा वजा करून बघा.

आंध्र प्रदेशातलं नरसापूर क्रोशा लेससाठी प्रसिद्ध आहे. तिथे 19व्या शतकात मिशनरी कुटुंबांमधून ही कला बायकांपर्यंत पोहोचली आणि लेस परदेशी जाऊ लागली. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी या बायकांचा अभ्यास केला आणि 1982 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांनी दाखवलं ते असं : या बायका जगाच्या बाजारासाठी रोज तासन्‌तास विणत होत्या, पण त्यांना कामगार न म्हणता ‘रिकाम्या वेळात विणणाऱ्या गृहिणी’ म्हटलं जायचं, आणि त्याच नावाखाली मजुरी तुटपुंजी राहायची. 2024 मध्ये नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळालं.

त्यामुळे वाण म्हणून 21 कोझी जमणार नसतील तर हरकत नाही. एकच विणा, ज्या मैत्रिणीचा मग तुम्हाला माहीत आहे तिच्यासाठी. तिच्या नकळत मग मोजणं हाच यातला सर्वात अवघड भाग आहे.

देताना सोबत एक चिठ्ठी

चिठ्ठीत एवढं लिहा : मायक्रोवेव्हमध्ये ठेवण्याआधी कोझी काढा. गार पाण्यात हातानं धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून सावलीत आडवी वाळवा. सुती कोझी पहिल्या धुण्यात किंचित आटते, ओली असतानाच मगला घालून ठेवली की मापात येते. आणि त्याच धाग्याचा हातभर तुकडा व एक जादा बटण चिठ्ठीला टाचून द्या, बटण कधीतरी तुटतंच.