नळ, नळी आणि माप : पोलादी नळांच्या आकारमानाची परंपरा

पोलादाच्या पोकळ दंडगोलास मराठीत नळ अथवा नळी म्हणतात. मोठा तो नळ आणि लहान ती नळी, एवढाच भेद सामान्य व्यवहारात अभिप्रेत असतो. अभियांत्रिकीत मात्र 'पाइप' आणि 'ट्यूब' या दोन संज्ञांमधील भेद लहानमोठेपणाचा नसून मापनाच्या रीतीचा आहे. प्रस्तुत विवेचनात 'नळ' हा शब्द पाइपसाठी आणि 'नळी' हा शब्द ट्यूबसाठी योजिला आहे. या दोहोंच्या मापनरीती भिन्न का झाल्या, याचे उत्तर धातुशास्त्रात सापडत नाही. ते एकोणिसाव्या शतकातील दोन उद्योगांच्या इतिहासात सापडते.

प्रथम भेदाचे स्वरूप पाहू. दोन इंची पोलादी नळीचा बाह्य व्यास बरोबर दोन इंच असतो. दोन इंची नळाचा बाह्य व्यास मात्र २.३७५ इंच असतो. मग आतला व्यास तरी दोन इंच असावा, अशी अपेक्षा होते. परंतु अमेरिकन मानकातील अनुसूची ४० च्या नळाचा अंतर्व्यास २.०६७ इंच, अनुसूची ८० च्या नळाचा १.९३९ इंच आणि दुहेरी अतिबळकट नळाचा १.५०३ इंच असतो. तात्पर्य, या तिन्ही नळांत 'दोन इंच' हे माप कोठेही नाही. एक अष्टमांश इंची नळाची स्थिती याहून विलक्षण आहे. त्याचा अनुसूची ४० मधील अंतर्व्यास ०.२६९ इंच, म्हणजे नावातील मापाच्या दुपटीहूनही अधिक, भरतो. नळीचा अंक हे माप आहे; नळाचा अंक हे नाव आहे.

हे नाव कोठून आले, हे समजण्यासाठी कोळशाच्या वायूच्या दिव्यांपर्यंत मागे जावे लागते. लंडनमधील गॅस लाइट अँड कोक कंपनीला १८१२ साली सनद मिळाली आणि नगरांतून वायूचे दिवे पसरू लागले. रस्त्याखालील मोठे नळ ओतीव लोखंडाचे असत. परंतु घरोघरी वायू नेण्यास बारीक व बळकट नळ हवे होते. तसे नळ करण्याचे कसब बंदुकीच्या नळ्या घडविणाऱ्या कारागिरांपाशी होते. आरंभीच्या काळात बंदुकीच्या नळ्याच एकमेकींस जोडून वायूसाठी वापरल्या गेल्या. इंग्लंडच्या व्यापारी भाषेत वायूच्या नळाला पुढेही दीर्घकाळ 'बॅरल' म्हणत, ही त्या उगमाची खूण होय.

१८२५ मध्ये वेन्सबरी येथील कॉर्नेलियस व्हाइटहाउस याने नव्या कृतीचे एकस्व मिळविले. लोखंडाची लांब पट्टी भट्टीत तापवून घंटेच्या आकाराच्या साच्यातून ओढली, म्हणजे तिच्या कडा एकमेकींस भिडून सांधल्या जात. जेम्स रसेल याच्या कारखान्यात ही कृती प्रत्यक्षात आली आणि घडीव लोखंडाचा नळ स्वस्त झाला. या कृतीतील एक गोष्ट मापनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. साचा नळाच्या बाहेरच्या अंगाला आकार देतो. आतली पोकळी किती राहील, हे पट्टीच्या जाडीवर अवलंबून असते.

नळाच्या बाह्य व्यासाला याहूनही दृढ बंधन घातले ते आट्यांनी. नळाच्या टोकाला बाहेरून आटे पाडायचे आणि त्यावर जोडतुकडा फिरवून बसवायचा, ही नळ जोडण्याची सर्वमान्य रीत ठरली. त्यामुळे एका आकाराचे सर्व जोडतुकडे, झडपा आणि आटे पाडण्याची हत्यारे बाह्य व्यासाशी निगडित झाली. ग्राहकाला मात्र आतून किती वायू किंवा पाणी वाहील, याच्याशी कर्तव्य असे. म्हणून नळाचे नाव अंतर्व्यासावरून पडले. नाव आतल्या पोकळीचे आणि शिस्त बाहेरच्या पृष्ठाची, असा हा द्वैधीभाव होता. अधिक दाबासाठी जाड नळ हवा झाला, तेव्हा बाह्य व्यास वाढविणे शक्य नव्हते, कारण मग एकही जोडतुकडा त्यावर बसला नसता. म्हणून जाडी आतल्या बाजूस वाढली, पोकळी आकुंचित झाली आणि नाव जसेच्या तसे राहिले.

ही व्यवस्था अमेरिकेत कोष्टकबद्ध करण्याचे श्रेय रॉबर्ट ब्रिग्ज याला दिले जाते. फिलाडेल्फिया येथील पास्कल आयर्न वर्क्स या कारखान्याचा अधीक्षक असताना त्याने १८६२ च्या सुमारास नळांचे व्यास आणि त्यांवरील आटे यांची मापे निश्चित केली. आट्यांचा कोन ६० अंश आणि निमुळतेपणा सोळास एक, ही त्यांतील प्रमुख वैशिष्ट्ये होत. १८८६ साली अमेरिकन यंत्र-अभियंत्यांची संस्था आणि नळांचे उत्पादक यांनी मिळून ही मापे स्वीकारली. ब्रिटनमधील नळांच्या आट्यांचा कोन मात्र व्हिटवर्थच्या पद्धतीप्रमाणे ५५ अंशांचाच राहिला. अर्धा इंची नळाला दोन्ही देशांत इंचास चौदाच आटे असले, तरी कोन भिन्न असल्याने एका देशाचा नळ दुसऱ्या देशाच्या जोडतुकड्यात बिनचूक बसत नाही.

पुढे बाष्पाचा दाब व तपमान वाढत गेले. 'सामान्य', 'अतिबळकट' आणि 'दुहेरी अतिबळकट' हे तीन वर्ग अपुरे पडू लागले. १९२७ मध्ये अमेरिकन मानक संघटनेने या प्रश्नासाठी समिती नेमली आणि १९३९ साली नवे मानक प्रसिद्ध झाले. त्यात 'अनुसूची-क्रमांक' आले. दाबाला पोलादाच्या अनुज्ञेय ताणाने भागून हजाराने गुणले असता जो अंक येतो, त्याच्याशी हा क्रमांक स्थूलमानाने जुळतो. जुने बाह्य व्यास मात्र कायम ठेवण्यात आले. बारा इंचांपर्यंतच्या नळांत नाव आणि बाह्य व्यास यांत अंतर राहते. चौदा इंचांपासून पुढे दोन्ही एक होतात.

नळीचा इतिहास निराळा आहे. तिचा प्रमुख आश्रयदाता बॉयलर हा होता. फ्रान्समध्ये मार्क सेगँ याने १८२८ साली बहुनळी बॉयलरचे एकस्व घेतले. १८२९ च्या रेनहिल येथील स्पर्धेत विजयी झालेल्या स्टीफन्सनच्या 'रॉकेट' इंजिनात तीन इंच व्यासाच्या २५ तांब्याच्या नळ्या होत्या. अशा नळीवर आटे पाडून जोडतुकडा बसवीत नाहीत. ती बॉयलरच्या पत्र्यात पाडलेल्या छिद्रातून आरपार घालतात आणि तिचे टोक आतून फुगवून घट्ट बसवितात. छिद्राचे माप हेच येथे निर्णायक असल्यामुळे बाह्य व्यास अचूक असावाच लागतो आणि नावही त्याचेच दिले जाते. १८८० नंतरच्या दशकांत सायकलच्या सांगाड्यासाठी पोलादी नळ्यांची मागणी वाढली. तेथेही नळीचे टोक सांध्याच्या खोबणीत जात असल्याने हाच नियम लागू पडला. जर्मनीतील मान्नेसमान बंधूंनी १८८५ च्या सुमारास भरीव पोलादातून सांधाविरहित नळी काढण्याची कृती सिद्ध केली. तिने नळीच्या उद्योगाला नवे बळ दिले.

नळीची जाडी दर्शविण्यासाठी तारेच्या व्यवसायातील बर्मिंगहॅम गेज वापरात आले. त्यात अंक वाढतो तशी जाडी घटते : १० गेज म्हणजे ०.१३४ इंच, तर १६ गेज म्हणजे ०.०६५ इंच. नळाच्या अनुसूचीत याच्या उलट, अंक वाढतो तशी जाडी वाढते. दोन्ही उद्योग एकाच धातूच्या एकाच आकृतीशी निगडित असूनही त्यांच्या अंकांची दिशासुद्धा एक नाही.

तथापि, संज्ञेवरून मापनपद्धतीचा निश्चित निर्णय करता येईल, असे समजणे धोक्याचे आहे. अमेरिकेत घरगुती पाण्यासाठी वापरली जाणारी अर्धा इंची तांब्याची 'ट्यूब' बाहेरून पाच अष्टमांश इंच भरते. भारतीय मानक १२३९ मध्ये ज्यांस 'स्टील ट्यूब्ज' म्हटले आहे, ते वस्तुतः नाममात्र अंतर्व्यासाने ओळखले जाणारे नळच होत. त्यांचे हलका, मध्यम आणि जड असे तीन वर्ग असून पिवळा, निळा आणि तांबडा पट्टा ही त्यांची खूण आहे. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर देशात दशमान पद्धती आली आणि 'अर्धा इंची' नळ 'पंधरा मिलिमीटरचा' झाला. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, हे लक्षात घेतल्यास येथे मापाचे रूपांतर झाले नसून एका नावाच्या जागी दुसरे नाव आले, हे स्पष्ट होते. महाराष्ट्रातील नळकारागीर आजही 'अर्धा इंची', 'पाऊण इंची' असेच म्हणतो. त्याच्या आणि मानकाच्या भाषेत शब्दांचा फरक आहे, वस्तूचा नाही.

इतिहासाच्या अभ्यासकाला या प्रकरणापासून एक व्यवहार्य बोध घेता येतो. पाणीपुरवठ्याच्या जुन्या कागदपत्रांत 'अर्धा इंची जोडणी' असा उल्लेख आढळला, म्हणजे बारा-तेरा मिलिमीटरचे छिद्र समजून पाण्याचा हिशेब मांडण्याचा मोह होतो. मध्यम वर्गाच्या अशा नळाचा अंतर्व्यास आज सुमारे १६ मिलिमीटर असतो. वाहत्या पाण्याला मिळणारे क्षेत्र व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने त्या हिशेबातील क्षेत्र प्रत्यक्षाहून एक तृतीयांशाहून अधिक कमी येईल. कोणत्या वस्तीला किती पाणी मिळत होते, यासारख्या प्रश्नाचे उत्तर एवढ्याने बदलू शकते. म्हणून दप्तरातील अंक स्वीकारण्यापूर्वी तो कोणत्या व्यवसायाच्या परिभाषेतला आहे, कोणत्या मानकाचा आहे आणि नळाचा वर्ग कोणता, हे तपासणे आवश्यक ठरते.

प्रमाणीकरणाचा हेतू वस्तूचे वर्णन करणे हा नसतो. आज घेतलेला तुकडा कालच्या तुकड्यावर बसावा, हा त्याचा हेतू असतो. नळाने हा हेतू साधण्यासाठी आपल्या नावाचा अर्थ गमावला. नळीला तो गमावण्याची गरज पडली नाही, कारण तिच्या बाबतीत जे मोजायचे आणि जे जोडायचे, ते पृष्ठ एकच होते.