गोड्या पाण्यातले यंत्र

दवाखान्यात दुखणे ऐकता ऐकता माणसाच्या धंद्याचा इतिहासही कळत जातो. मांडवीच्या काठी मी प्रॅक्टिस सुरू केली, तेव्हा होडीवाल्यांच्या तळहाताला वल्ह्यांचे घट्टे असत. काही वर्षांनी तेच लोक उजवा खांदा धरून येऊ लागले. कारण मोटर सुरू करायची दोरी. पाच-सात हिसक्यांशिवाय थंड इंजिन जागे होत नसे. मी जैन, त्यामुळे जाळ्यात काय आले हे कधी विचारत नाही. मोटरीची चौकशी मात्र करू लागलो.

होडीच्या मागच्या फळीला अडकवायची आणि काढून घरी न्यायची ही मोटर ओल एव्हिन्रुड यांच्या नावाशी जोडली जाते. त्यांच्या आधी कॅमेरॉन वॉटरमन यांनी अशी मोटर विकली होती, हेही नोंदवले पाहिजे. एव्हिन्रुड १८७७ साली नॉर्वेत जन्मले आणि लहानपणीच अमेरिकेतील विस्कॉन्सिनला आले. उकाड्याच्या दिवशी भावी पत्नी बेससाठी तळ्यापलीकडून आइस्क्रीम आणताना वल्ही मारता मारता ते वितळले, आणि तेथून कल्पना सुचली, असे सांगतात. १९०९ साली मिलवॉकीत त्यांची दीड अश्वशक्तीची मोटर बाजारात आली. वजन ६२ पौंड, म्हणजे साधारण २८ किलो. जाहिरात बेस यांनी लिहिली. तीत वल्ही फेकून देण्याचा सल्ला होता. पुढे बेस यांची प्रकृती ढासळली, म्हणून ओल यांनी आपला हिस्सा भागीदाराला विकला. काही वर्षांनी परतले ते ॲल्युमिनियमची हलकी मोटर घेऊन.

पण ही सारी कथा तळ्यांची, गोड्या पाण्याची. मोटर थंड राहते ती खालून ओढून घेतलेल्या पाण्यावर. आमच्याकडे ते पाणी खारे. इंजिन बंद पडून सुकले की आतल्या वाटांत मीठ धरते, ॲल्युमिनियम खाल्ले जाते आणि एक दिवस मागची पाण्याची धार बारीक होते. नाडी मंदावावी तसे ते लक्षण. जाणकार होडीवाला धार पाहून इंजिन बंद करतो, दुसरा रेटत राहतो आणि पिस्टन जाम करून बसतो.

गोव्यात ही मोटर हौसेने आली नाही. १९७०च्या दशकात किनाऱ्यालगत ट्रॉलर फिरू लागले, रापणीला मासळी मिळेना. मातान्ही साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली रापणकारांनी लढा दिला, १९८० साली सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला. त्याचा अंमल किती झाला, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय. लहान होडीला दूर जाऊन लवकर परतणे भाग पडले, आणि कर्ज काढून मोटरी आल्या. बऱ्याच मोटरी रॉकेलवर चालत. सुरुवात पेट्रोलवर, इंजिन तापले की रॉकेल, आणि बंद करण्यापूर्वी पुन्हा थोडा वेळ पेट्रोल. हे शेवटचे विसरले की कार्ब्युरेटरमध्ये रॉकेल राहते आणि सकाळी दोरी ओढून खांदा निखळतो. माझे निम्मे रुग्ण या विसराळूपणाचे.

संध्याकाळी मोटर पिंपात उभी करून गोड्या पाण्यात दहा मिनिटे चालवायची, हा नियम. पिंप भरायचे कोणी? मे महिन्यात विहिरीचा तळ दिसत असताना कळशा डोक्यावरून आणणाऱ्या बायका माझ्याकडे मानदुखी घेऊन येत. मोटरीच्या हिशेबात रॉकेल असे, तेल असे, हप्ता असे. या कळशा कुठेच नसत.

एका रुग्णाने मोटर घेतल्यावर वल्ही खरोखरच पडवीत टाकली. ओहोटीच्या वेळी, मांडवीच्या मुखाशी, त्याचा पंखा वाळूच्या दांड्यावर आपटला. पंख्याच्या दांड्यात एक मऊ धातूची पिन असते. धक्का बसला की ती मुद्दाम तुटते, म्हणजे गिअर वाचतात. पिन तुटली, गिअर वाचले, होडी मात्र समुद्राकडे निघाली. मागून येणाऱ्या होडीने दोर टाकला म्हणून तो परतला.

पुढच्या आठवड्यात आला तो औषधासाठी नव्हे. साबुदाण्याच्या गोळ्यांची रिकामी बाटली मागत होता. तिच्यात चार पिना आणि थोडे तेल घालून त्याने बूच लावले, आणि होडीत वल्ह्याशेजारी बांधून ठेवली.