इंजिनाची थरथर, क्लचचा आवाज आणि ऐकणारा कान

मराठीने मोटरसायकलीला ‘फटफटी’ म्हटले, ते तिच्या आवाजावरून. पुढे ती बिघडू लागल्यावर बिघाडांची वर्णनेही आवाजांतूनच होऊ लागली. टॅपेट टकटक करतात, चेन खडखडते, गिअर घरघरतो, क्लच करकरतो. गॅरेजमध्ये तर त्याहून सुंदर प्रयोग ऐकू येतो : ‘बेअरिंग वाजतंय.’ सनई वाजते, घंटा वाजते, आणि झिजलेले बेअरिंगही वाजते, क्रियापद एकच. परंतु गाडीचे सगळेच वाजणे हे दुखणे नसते. कोणती थरथर यंत्राची प्रकृती आणि कोणती विकृती, हा भेद कसा करायचा, हाच या विद्येचा मूळ प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर यंत्रांबरोबर बदलत आलेले आहे.

प्रथम प्रकृतीविषयी. एका सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या वेगाने चालत असेल, तर तो दर सेकंदाला शंभर वेळा थांबून उलट दिशेने निघतो. प्रत्येक थांबण्या-निघण्याचा हिसका क्रँकशाफ्टवाटे कवचाला, कवचातून सांगाड्याला आणि सांगाड्यातून स्वाराच्या मनगटाला पोचतो. क्रँकशाफ्टवर पिस्टनच्या विरुद्ध बाजूला वजन ठेवून हा हिसका कमी करता येतो, पण ते वजन स्वतः गोल फिरते. पिस्टनला पूर्ण तोलणारे वजन ठेवले, तर वरखाली जाणारा हिसका नाहीसा होऊन तेवढाच मागेपुढे जाणारा हिसका जन्मतो. म्हणून अभियंते मधला मार्ग पत्करतात : थोडा हिसका उभा, थोडा आडवा. साध्या एकसिलिंडरी इंजिनाची थरथर नाहीशी करता येत नाही, ती फक्त कोणत्या दिशेला न्यायची हे ठरवता येते. अशा गाडीविषयी ‘ती थरथरते’ ही तक्रार निरर्थक ठरते. विचारायचे ते असे : कालच्यापेक्षा वेगळी थरथरते का?

दोन सिलिंडर घातले तर प्रश्न सुटेल, असे कोणालाही वाटेल. एडवर्ड टर्नरने १९३७ मध्ये आणलेल्या ट्रायम्फ स्पीड ट्विनने ब्रिटिश मोटरसायकलीचा तीस-चाळीस वर्षांचा साचा ठरवला. पण तिचे दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर आणि एकाच वेळी खाली जात. स्फोटांमधले अंतर समान झाले, आवाज मधुर झाला. हिसक्याचे गणित मात्र एका मोठ्या पिस्टनचेच राहिले. पाचशे सीसीला ते खपले. मग अमेरिकी बाजाराच्या भुकेपोटी तेच इंजिन १९५० मध्ये साडेसहाशे आणि १९७३ मध्ये साडेसातशेवर गेले. दिव्यांच्या तारा तुटू लागल्या, बोल्ट सैल होऊ लागले. इथे निदानाची पहिली मोठी अडचण उभी राहते. सैल बोल्टमुळे थरथर वाढते आणि थरथरीमुळे बोल्ट सैल होतात. कारण आणि कार्य एकमेकांच्या जागा घेतात. म्हणून जुना मेकॅनिक इंजिन उघडण्यापूर्वी इंजिन धरून ठेवणारे बोल्ट तपासतो.

नॉर्टनने वेगळी वाट धरली. १९६७ च्या कमांडोमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या चाकाची भुजा हे सारे एकत्र करून रबरांवर टांगले. थरथर तितकीच राहिली, फक्त ती स्वारापर्यंत पोचेना. उभ्या गाडीचे इंजिन सांगाड्यात डुलताना डोळ्यांना दिसे, आणि वेग घेताच हात शांत होत. पण या आधारांतली फट साधारण एका इंचाच्या हजार भागांपैकी दहा इतकी राखावी लागे. ती कमी झाली की थरथर परत येई. जास्त झाली की वळणावर गाडी शेपूट हलवू लागे. इंजिनाच्या दुखण्याचे लक्षण चाकात दिसू लागले. ब्रिटिश धंद्याच्या ऱ्हासाची कारणे सांगताना आपण जपानी स्पर्धेकडे बोट दाखवतो आणि ते खरेही आहे. पण पाचशेसाठी आखलेला साचा न बदलता ताणत नेण्याचा हा हट्ट मला त्याहून बोलका वाटतो.

आता क्लचकडे येऊ. क्लच हा इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा-तोडणारा भाग, एवढे सर्वांना ठाऊक असते. पण निदानाच्या दृष्टीने तो त्या यंत्रावरचा सर्वांत मोलाचा प्रश्नार्थक अवयव आहे, कारण तो यंत्राचे दोन तुकडे करतो. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू : क्लच दाबताच आवाज थांबला, तर तो गिअरबॉक्सच्या पोटातला समजावा, कारण आता तिथले शाफ्ट फिरायचे थांबले. उलट, दाबल्यावर आवाज सुरू झाला, तर संशय क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगवर किंवा प्लेटांवर. रस्त्यावरही हीच युक्ती. मोकळ्या रस्त्यावर थरथर जाणवली की थ्रॉटल सोडून क्लच दाबावा. इंजिन मंदावले तरी थरथर गाडीच्या वेगाबरोबर टिकून राहिली, तर दोष चाकात, टायरमध्ये किंवा चेनमध्ये आहे. गेली, तर इंजिनाकडे पाहावे. या परीक्षेला एक पैसाही लागत नाही. गाडी नेताच ‘इंजिन उतरवावं लागेल’ म्हणणाऱ्यांना मात्र ती का सुचत नाही, हे वाचकांनीच ओळखावे.

तरीही आवाजाचा अर्थ गाडीगाडीगणिक बदलतो. इटलीच्या ड्युकाटीच्या अनेक गाड्यांत, १९९४ च्या प्रसिद्ध ९१६ मध्येही, क्लच तेलात न बुडता कोरडा असे. तो दाबला की सुट्या झालेल्या प्लेटा आपल्या टोपलीत आपटून भांड्यांसारख्या खणखणत. अन्य कोणत्याही गाडीत हा आवाज आला असता तर मालक घाबरला असता. इथे तो मिरवण्याचा विषय झाला. २०१२ च्या पानिगालेमध्ये तेलातला क्लच आल्यावर कित्येक चाहते हळहळले. व्याधी कोणती आणि वैशिष्ट्य कोणते, हे ठरवण्यात धातूइतकाच ऐकणाऱ्यांचा समाजही भाग घेतो.

इथे वैद्यकाची आठवण होणे अपरिहार्य आहे. लेनेकने १८१६ मध्ये पॅरिसमध्ये कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीचा आवाज ऐकला. नळीपेक्षा मोठे काम त्याने पुढे केले : जिवंतपणी ऐकलेला आवाज आणि मरणोत्तर विच्छेदनात दिसलेली विकृती यांची सांगड घातली. स्क्रूड्रायव्हरचे टोक कवचाला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावणारा मेकॅनिक हेच करत असतो. ऐकतो, उघडतो, पाहतो आणि पुढच्या वेळेसाठी लक्षात ठेवतो. त्याचे भाग्य एवढेच, की उघडलेला रुग्ण पुन्हा उठून चालू लागतो.

थरथर उगमापाशीच मारण्याचा उपाय म्हणजे बॅलन्सर : क्रँकच्या उलट दिशेने फिरणारे आणखी एक वजन. कल्पना जुनी, लँचेस्टरने मोटारींसाठी विसाव्या शतकाच्या आरंभीच तिच्यावर काम केले होते. यामाहाने १९७२ च्या टीएक्स ७५० मध्ये ती मोठ्या थाटात आणली, तर फिरणारी वजने तेल घुसळून त्याचा फेस करू लागली आणि बेअरिंगांना तेल पुरेना. थरथर थांबवणारा भागच इंजिनाच्या मुळावर उठला. ही गाडी फार काळ टिकली नाही, कल्पना टिकली.

आपल्याकडे ही कहाणी बुलेटमध्ये दिसते. १९५५ मध्ये मद्रासमध्ये एन्फिल्ड इंडिया स्थापन झाली, आणि सत्तर मिलिमीटर बोअर व नव्वद मिलिमीटर स्ट्रोकचे ते लोखंडी इंजिन २०१० च्या सुमारापर्यंत फार थोड्या बदलांनी बनत राहिले. इतका दीर्घ काळ एकच यंत्र ऐकायला मिळाल्याने इथल्या गॅरेजांत कानांची एक परंपरा तयार झाली. थंड इंजिनातली पिस्टनची टकटक तापल्यावर मिटते, तिची चिंता नको. प्रायमरी चेनची खडखड तशी मिटत नाही. हे ज्ञान पुस्तकातून आले नाही, आणि ते कोणी लिहूनही ठेवले नाही.

२०२० मध्ये मीटिअरबरोबर आलेल्या नव्या ३४९ सीसी इंजिनात बॅलन्सर शाफ्ट आहे. २०२३ मध्ये बुलेटनेही तेच घेतले. ‘ती धडधड गेली’ म्हणून विलाप करणारे पुष्कळ भेटतात. मला तो विलाप पटत नाही. १९१८ मध्ये अमेरिकेत अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी हवेच्या हातोड्यांनी दगड फोडणाऱ्या कामगारांची पांढरी, बधिर पडणारी बोटे तपासली, तेव्हापासून थरथर हातांचे काय करते हे ठाऊक आहे. मोटरसायकलीचा दांडा म्हणजे तो हातोडा नव्हे, हे कबूल. पण रविवारी तासभर धडधड अनुभवणारा आणि रोज दहा तास गाडीवर पोट भरणारा, यांच्या मनगटांचे हितसंबंध एक नाहीत; गौरवगीते मात्र पहिलाच लिहितो.

बदलले आहे ते निदान. पूर्वी थरथरीच्या गोंगाटातून वेगळी थरथर निवडावी लागे. आता शांत गाडीत उमटलेली थोडीशी भणभणही साधा स्वार ओळखतो. तिचे कारण शोधताना मेकॅनिकला पूर्वी न लागणारी एक गोष्ट विचारावी लागते : या इंजिनाचे काम अलीकडे झाले आहे का? कारण बॅलन्सर आणि क्रँक यांच्या गिअरांवरच्या खुणा जुळवून बसवल्या नाहीत, तर हिसका तोलण्यासाठी ठेवलेले वजन त्या हिसक्यातच भर घालू लागते.