अष्टपादाचा हात : एका निरीक्षणाचा इतिहास

कोकण किनाऱ्यावरील माकूल आणि अष्टपाद हे शीर्षपाद वर्गातील प्राणी होत. तीन हृदये, तांब्याच्या अंशामुळे निळसर दिसणारे रक्त आणि थेट डोक्याला फुटलेले हात ही त्यांची वैशिष्ट्ये. या वर्गाच्या सुमारे ८०० जाती आज ज्ञात आहेत. यांतील नराचा एक हात इतरांहून वेगळा असतो. त्याचे कार्य निश्चित होण्यास दोन हजारांहून अधिक वर्षे लागली.

ॲरिस्टॉटलने (इ.स.पू. ३८४–३२२) हा वेगळेपणा नोंदविला. हा हात समागमासाठी आहे, असे मच्छीमार सांगत. ॲरिस्टॉटलने त्यांचे म्हणणे नमूद केले. परंतु प्राण्यांच्या उत्पत्तीवरील ग्रंथात ते नाकारले. हात केवळ धरून राहण्यासाठी आहे, असा त्याचा निष्कर्ष होता.

त्याच्या प्राणिविषयक ग्रंथांचा अरबी तर्जुमा नवव्या शतकात ‘किताब-उल-हयवान’ या नावाने १९ मकाल्यांत झाला. अनुवादक कोण, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. बसऱ्याच्या अल्-जाहिजने याच नावाच्या आपल्या स्वतंत्र ग्रंथात ॲरिस्टॉटलचा ‘साहिब-उल-मन्तिक’ म्हणून आदराने उल्लेख केला. पण त्याच्या काही विधानांवर शंकाही घेतल्या. पुढे इब्न सीनाने ‘अश्-शिफा’त प्राण्यांवर स्वतंत्र भाग लिहिला. तेराव्या शतकाच्या आरंभी मायकेल स्कॉटने अरबीवरून लॅटिन भाषांतर केले आणि युरोपला हे प्राणिशास्त्र पुन्हा उपलब्ध झाले. म्हणून मुस्लिम विद्वानांनी ग्रीक ज्ञान ‘केवळ जपून ठेवले’, हे पाठ्यपुस्तकी विधान अपुरे ठरते. त्यांनी ते तपासलेही.

१८२९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ क्यूव्हिए याने मादीच्या शरीरात सापडलेला असा तुटका हात परजीवी कृमी समजून त्याला ‘हेक्टोकोटायलस’ हे नाव दिले. १८५० च्या दशकात म्यूलर, स्टीनस्ट्रुप आदींच्या अभ्यासातून तो नराचाच, शुक्राणू पोहोचविणारा हात असल्याचे सिद्ध झाले. चुकीचे ते नाव मात्र आजही त्या हातासाठी रूढ आहे.

म्हणजे अखेरीस मच्छीमारांचेच म्हणणे मूलतः खरे ठरले. विज्ञानाचा इतिहास शिकविताना आपण थोरांची नावे सांगतो. ज्यांची नावे कोठेही नोंदली गेली नाहीत, त्यांचा वाटा राहून जातो. मोठ्या नावापुढे प्रश्न विचारण्याचे धैर्य आणि सामान्य माणसाचे म्हणणे ऐकून घेण्याची नम्रता, या दोन्ही गोष्टी वर्गात रुजविणे हे आपले काम आहे.