मोडीचे रुमाल आणि कॅमेऱ्याचे कुलूप

(१) इ.स. १८९८. वाई येथे हाती लागलेल्या कागदपत्रांच्या आधारे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्याच सुमारास मिरजेत वासुदेवशास्त्री खरे पटवर्धन सरदारांच्या दप्तरांतील पत्रे ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने छापत होते. आजच्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांनी मराठ्यांच्या इतिहासाला दिलेली ही मोठी देणगी.

(२) हे कागद शे-दीडशे वर्षांचे जुने आणि मोडी लिपीतले. ते मिळवण्यासाठी घराण्यांची मनधरणी करावी लागे. पण मोडी वाचण्यासाठी कोणाचाही परवाना लागत नसे. लिपी सर्वांची होती. शिकेल त्याने वाचावी.

(३) आज तसेच रुमाल, अजिंक्यताऱ्याचे बुरूज, गावोगावचे वीरगळ कॅमेऱ्याने टिपले जातात. जाणकार छायाचित्रकार ‘रॉ’ फाइल जपून ठेवतो, कारण जेपेग तयार होताना गाळली जाणारी सेन्सरची मूळ माहिती तिच्यात असते. मात्र ती उलगडण्यासाठी सॉफ्टवेअरला फाइलची अंतर्गत रचना ठाऊक असावी लागते, आणि बहुतेक कंपन्या ती पूर्णपणे जाहीर करत नाहीत.

(४) हा प्रश्न २००५ मध्ये जगापुढे आला. निकॉनच्या डी२एक्स कॅमेऱ्याच्या रॉ फाइलींत व्हाइट बॅलन्सची नोंद सांकेतिक रूपात कुलूपबंद केलेली आढळली. फोटोशॉपचे एक जनक थॉमस नॉल यांनी उघड आक्षेप घेतला. हे कुलूप उघडल्यास अमेरिकी कायद्याचा भंग होईल, अशी अडोबीला धास्ती होती. स्वतः काढलेल्या चित्राची नोंद वाचण्यासाठी छायाचित्रकाराने निर्मात्याच्या मर्जीवर का राहावे, हा खरा सवाल होता.

(५) डेव्ह कॉफिन या प्रोग्रॅमरने तो संकेत उकलला आणि आपल्या ‘डीसीरॉ’ या मुक्त प्रोग्रॅममध्ये त्याची उकल घातली. १९९७ पासून ते एकेका कॅमेऱ्याची रचना अशीच उलगडत होते. हे काम खऱ्यांच्या लिप्यंतराशी नाते सांगणारे आहे.

(६) कुलूप मुद्दाम घातले नसले तरी अडचण येतेच. फर्मवेअर म्हणजे कॅमेऱ्याच्या आतले सॉफ्टवेअर. त्याच्या अपडेटने दोष दूर होतात, पण कधी फाइलची मांडणीही बदलते. २०१५ मध्ये सोनीने अल्फा ७ आर २ ला अपडेटद्वारे संकोचन न केलेली रॉ फाइल दिली. म्हणजे एकाच कॅमेऱ्यातून दोन प्रकारच्या फाइली निघू लागल्या. २०१८ मध्ये कॅननने नव्या कॅमेऱ्यासोबत सीआर२ ऐवजी सीआर३ ही रचना आणली. अशा वेळी इतर कंपन्यांचे जुने सॉफ्टवेअर फाइल उघडत नाही, किंवा उघडले तरी रंग चुकतात.

(७) यावर एक उपाय २००४ मध्येच पुढे आला होता. अडोबीने ‘डीएनजी’ ही रॉ रचना जाहीर केली. तिचा तपशील कोणालाही वाचता आणि वापरता येतो. लायका, पेंटॅक्स यांसारख्या काही कंपन्यांनी ती स्वीकारली. इतर अनेक मोठे निर्माते आपापल्या रचनांवर कायम राहिले.

(८) म्हणून कागदपत्रे किंवा शिल्पे टिपणाऱ्याने चालू कामाच्या मध्यात फर्मवेअर बदलू नये. आपले सॉफ्टवेअर नव्या फाइली उघडते का, हे आधी चार चित्रांवर तपासावे. मूळ रॉसोबत डीएनजी किंवा टिफ प्रत ठेवावी आणि कॅमेरा व फर्मवेअर आवृत्तीची नोंद करावी.

(९) मोडी शाळांतून गेली, कचेऱ्यांतून गेली. तरी आजही कोणीही ती शिकून दीडशे वर्षांपूर्वीचे पत्र वाचू शकतो, कारण त्या लिपीला मालक नव्हता. आज टिपलेल्या चित्रांबाबत पुढच्या पिढीला तेच म्हणता यावे, एवढी तजवीज आजच करणे आपल्या हाती आहे.